ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : गोळेश्वर ते हेलसिंकी

दरवर्षी स्मरणिकेचे काम सुरू झाले की मंडळाचे चिटणीस मला फोन करतात आणि मी दरवर्षी ब्लॉकचे, रात्रपाळीचे निमित्त सांगून सुटका करून घेतो. यंदा मात्र स्वतःहून लेख देतो असे कळवले, तेव्हा त्यांनाही आश्चर्य वाटले असेल. मी काही लेखक नाही. कराडच्या तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, रेल्वेत ज्युनियर इंजिनियर म्हणून लागलो आणि गेली वीस-बावीस वर्षे रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यातच गेली. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक असेल तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

लेखाचे कारण असे झाले. गेल्या हिवाळ्यात मी मुलाला घेऊन राजघाटाजवळच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलात एक स्पर्धा बघायला गेलो होतो. तिथल्या कुस्तीच्या हॉलवर नाव आहे के. डी. जाधव यांचे. मुलगा दिल्लीत जन्मलेला, सातवीत शिकतो. त्याने सहज विचारले की हे जाधव कोण? कुणी मंत्री होते का? मी क्षणभर गप्पच झालो. ज्या माणसाच्या गावावरून सायकल मारत मी तीन वर्षे कॉलेजात गेलो, त्याचे नाव माझ्या मुलाला माहीत नव्हते. दोष त्याचा नव्हता, मीच कधी सांगितले नव्हते. त्याला सांगितले ते इथे सविस्तर लिहितो. आपल्या सरोजिनी नगरातील मराठी घरांमधली मुलेही आता याच वयाची आहेत.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब स्वतः नावाजलेले पैलवान, त्यामुळे घरात तालमीचेच वातावरण. पाचव्या वर्षी वडिलांनी त्यांना लाल मातीत उतरवले. कृष्णा-कोयनेच्या त्या पट्ट्यात तेव्हा गावोगाव तालीम असे. जत्रा म्हटली की कुस्त्यांचा फड आलाच, आणि फडात नारळापासून सुरुवात होऊन शेवटी चांदीच्या कड्यापर्यंत इनाम असे. ज्यांचे बालपण त्या भागात गेले त्यांना हे सांगायला नको. ज्यांचे दिल्लीत गेले त्यांनी एवढेच लक्षात घ्यावे, की तिकडे घरात एक मुलगा पैलवान असणे हे घराण्याचे भूषण मानतात आणि त्याच्या खुराकासाठी घरातली बाकीची माणसे पोटाला चिमटा घेतात.

१९४० ते १९४७ या काळात त्यांचे शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. हाच काळ १९४२ च्या चळवळीचा. सातारा जिल्हा म्हणजे पत्री सरकारचा जिल्हा. शाळकरी खाशाबांनीही भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रके पोहोचवणे अशी कामे केली. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि ऑलिंपिकमध्ये तिरंगा फडकवायचा हे त्यांनी त्याच वेळी मनाशी ठरवले होते, असे त्यांच्या चरित्रात येते.

पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले. कोल्हापूर ही कुस्तीची पंढरी. शाहू महाराजांनी पैलवानांना राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे केले आणि त्या परंपरेत खाशाबा तयार झाले. बाबूराव बलवडे आणि बेलापुरी गुरुजी हे त्यांचे वस्ताद. खाशाबा अंगाने दांडगे मुळीच नव्हते. उंची बेताची, वजन पन्नास-पंचावन्न किलोच्या आसपास. त्यामुळे पुढे त्यांना पॉकेट डायनॅमो हे टोपणनाव पडले. त्यांची खासियत म्हणजे पायांतली चपळाई. समोरच्याला अंदाज येण्याआधी ते त्याच्या कब्जात शिरलेले असत. ढाक हा त्यांचा आवडता डाव. मान आणि हात धरून प्रतिस्पर्ध्याला कमरेवरून असा काही फेकायचा की तो सरळ पाठीवर यावा.

कॉलेजातला त्यांचा खेळ कोल्हापूरच्या महाराजांच्या नजरेत भरला आणि महाराजांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च उचलला. तिथे खाशाबा ५२ किलोच्या फ्लायवेट गटात उतरले. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. आयुष्यभर ज्या पैलवानाने मातीत कुस्ती केली, तो लंडनला पहिल्यांदा मॅटवर उभा राहत होता. मातीत पाय रुतवून जोर लावता येतो, मॅटवर पाय सरकतो. मातीतली कुस्ती चीतपट झाल्याशिवाय संपत नाही, मॅटवर मिनिटे आणि गुण मोजतात. आमच्या भाषेत सांगायचे तर मीटर गेजवर शिकलेल्या ड्रायव्हरला एकदम परक्या देशातल्या लाईनवर गाडी काढायला सांगण्यासारखे ते होते. तरीही रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाकडून मिळेल तेवढे शिकून घेत त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवले. पुढे इराणच्या मन्सूर रईसीकडून ते हरले आणि सहावे आले. या वजनगटात इतक्या वर येणारा भारतीय तोवर झाला नव्हता.

सहावा क्रमांक म्हणजे हात हलवत परत येणे. पण खाशाबा परत आले ते पुढच्या चार वर्षांचा हिशोब मनात धरूनच. व्यायामाचे तास वाढवले, वजन वाढवून ५७ किलोच्या बँटमवेट गटात जायचे ठरवले आणि मॅटच्या नियमांचा अभ्यास केला.

हेलसिंकीची वाट मात्र सरळ नव्हती. मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना विजेत्यापेक्षा एकच गुण कमी पडला आणि निवडीतून नाव गळले. आपल्यावर अन्याय झाला, गुण मुद्दाम कमी दिला गेला, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरा कुणी असता तर नशिबाला बोल लावून गावी परतला असता. खाशाबांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज खेळांचे जाणकार, ऑलिंपिक संघटनेत त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी चाचणी कुस्तीत खाशाबांना संधी मिळवून दिली. त्या चाचणीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला पाठीवर पाडले. गुणांचा प्रश्नच ठेवला नाही.

निवड झाली, पण पैसा कुठून आणायचा? आज खेळाडूला सरकार पाठवते, प्रायोजक मिळतात. तेव्हा तसे काही नव्हते. जाधव कुटुंबाने गावात घरोघरी फिरून वर्गणी जमवली. जमले ते पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार! एका शिक्षकाने विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण टाकले, आणि तेही ज्या खेळात पदक मिळेल याची कुणालाच खात्री नव्हती अशा खेळासाठी. मला या साऱ्या कथेत खाशाबांच्या खालोखाल कुणापुढे हात जोडावेसे वाटत असतील तर ते खर्डेकर सरांपुढे.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. आता समोर होते दोघे, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममेदबेकोव्ह. सोव्हिएत संघ त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये उतरला होता आणि त्यांचे मल्ल पुरी तयारी करून आले होते.

इशीबरोबरची कुस्ती खूप लांबली. दोघेही तोडीस तोड, आणि शेवटी खाशाबा थोडक्यात हरले. त्यानंतर जे घडले ते असे सांगतात. खाशाबा दम खात मॅटवरून उतरतात न उतरतात तोच त्यांना ममेदबेकोव्हशी लढायला बोलावले गेले. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती हवी होती. पण हा नियम आयोजकांना दाखवून देणारा एकही भारतीय अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत एकटा पैलवान काय भांडणार? थकलेल्या अंगाने ते पुन्हा उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, ममेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९०० मध्ये पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्यात दोन रौप्यपदके मिळवली होती, पण ती इंग्रजी अमदानीत. दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, आपल्या हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकले आणि साहजिकच सारा गाजावाजा हॉकीचा झाला. कोल्हापूरचे केशव माणगावे हेही त्याच ऑलिंपिकमध्ये ६२ किलो गटात चौथे आले, पण त्यांचे नाव तर आज कोल्हापुरातही थोड्यांनाच माहीत असेल.

दिल्ली-मुंबईने फारशी दखल घेतली नसली तरी कराडने घेतली. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. कराड स्टेशनपासून गोळेश्वर म्हणजे एरवी पंधरा-वीस मिनिटांची वाट, तिला त्या दिवशी सात तास लागले. माझे वडील तेव्हा सात वर्षांचे होते. आजोबांच्या खांद्यावर बसून त्यांनी ती मिरवणूक पाहिली. पदक त्यांना दिसले नाही, खाशाबांचा चेहराही गुलालात नीट दिसला नाही. पण बैलांच्या शिंगांना बांधलेले फुगे आणि हलगीचा आवाज त्यांना शेवटपर्यंत आठवत होता. आमच्या घरी गणपतीत हलगी वाजली की ते हमखास ही आठवण काढत.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशांतून खर्डेकर सरांचे घर सोडवले. ऑलिंपिक पदक मिळवून आलेला माणूस मास्तरांचे घर सोडवण्यासाठी पुन्हा मातीत उतरतो, हे आजच्या मुलांना मुद्दाम सांगावे असे आहे.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलीस दलात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. पोलिसांच्या स्पर्धा जिंकल्या, दलातल्या तरुणांना शिकवले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी चालू होती, पण गुडघ्याच्या दुखापतीने ते स्वप्न संपले. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते असिस्टंट पोलीस कमिशनर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी मात्र त्यांना झगडावे लागले. नोकरदार वाचकांना यातले दुःख वेगळे उलगडून सांगायला नको. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी त्यांना दिल्लीत मशाल घेऊन धावण्याचा मान मिळाला. त्याच आशियाई खेळांसाठी आपल्या सरोजिनी नगर स्टेशनवरून जाणाऱ्या रिंग रेल्वेचे काम वाढवले होते. त्या रुळांवर पुढे मी काम केले. तेव्हा कधी डोक्यात आले नाही, की आपल्या गावाकडचा माणूस त्या वर्षी या शहरात हातात मशाल घेऊन धावला होता.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, रस्त्यावरील अपघातात खाशाबांचे निधन झाले. वय अवघे अठ्ठावन्न. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी ते गेले.

हयातीत त्यांना ना अर्जुन पुरस्कार मिळाला, ना पद्म पुरस्कार. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, म्हणजे मरणानंतर. मधल्या काळात १९९६ मध्ये अटलांटाला लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्यपदक घेतले, तेव्हा वर्तमानपत्रांना शोध लागला की अरे, याआधी चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कुणी जाधव होते! मग २००० मध्ये सिडनीला करनम मल्लेश्वरीने वेटलिफ्टिंगमध्ये, २००८ मध्ये बीजिंगला सुशील कुमारने कुस्तीत पदक मिळवले. खाशाबांनंतर कुस्तीतले पुढचे पदक यायला छप्पन्न वर्षे लागली. २०१० च्या राष्ट्रकुल खेळांच्या वेळी इथल्या कुस्तीच्या हॉलला त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला त्यांच्या नावाची कुस्ती अकादमी होणार ही घोषणा मात्र इतकी वर्षे कागदावर राहिली, की २०१७ मध्ये घरच्यांनी पदक लिलावात काढण्याचे जाहीर केले. घराचे नाव ऑलिंपिक निवास, आणि त्या घरातले ऑलिंपिक पदक विकायची पाळी! २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे ठरवले आणि १५ जानेवारी २०२४ पासून तो साजरा होऊ लागला.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही यावर मी बराच विचार केला. पण या मंडळात माझे सहकारीही आहेत, तेव्हा लिहितोच.

काही वर्षांपूर्वी एका डेपोत माझ्या हाताखाली ट्रॅकमनची गँग होती. त्यात हरियाणाचा एक पोरगा होता, विशीतला. पहाटे चारला उठून आखाड्यात जायचा आणि मग दिवसभर खडी ओढायचा. एकदा निवड चाचणीसाठी त्याने स्पेशल कॅज्युअल लीव्हचा अर्ज दिला. तेव्हा आमचे रूळ बदलण्याचे मोठे काम चालू होते, माणसे कमी होती आणि वरून रोज विचारणा होती. मी अर्ज नाकारला नाही. नाकारला असता तर तो वर तरी गेला असता. मी तो टेबलावर ठेवला. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता शुक्रवार आला आणि चाचणी होऊन गेली. पोरगा काही बोलला नाही. पुढे त्याने आखाडा सोडला. माझ्यामुळेच सोडला असे मी म्हणत नाही, पण नाही असेही मला म्हणता येत नाही.

हेलसिंकीची हकिगत मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. प्रत्येक वेळी मला राग यायचा तो त्या गैरहजर अधिकाऱ्यांचा. कुठे गेले होते? काय करत होते? मुलाला त्या दिवशी हॉलसमोर उभे राहून हीच गोष्ट सांगत होतो. त्या अर्ध्या तासापर्यंत आलो आणि पोरग्याचा तो अर्ज डोळ्यांपुढे आला. मला माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. ते अधिकारी काही दुष्ट नसणार. त्यांनाही काही काम असेल, कुणी बोलावले असेल, आत्ता येतो म्हणून गेले असतील. एवढ्याने पैलवानाचा अर्धा तास जातो. खर्डेकर सरांना घर गहाण टाकावे लागले. मला फक्त एक सही करायची होती.

आता माझ्याकडे येणारा असा अर्ज त्याच दिवशी पुढे जातो. यात मोठेपणा काही नाही, नियमच तसा आहे. एवढे मात्र सांगतो, की २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, आणि तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. खाशाबांनंतर महाराष्ट्राच्या मातीतले वैयक्तिक पदक बहात्तर वर्षांनी आले, ते एका रेल्वे कर्मचाऱ्याने आणले. त्याच पॅरिसला अमन सेहरावतने कुस्तीत कांस्यपदक घेतले, ५७ किलो गटात. खाशाबांचाच गट, खाशाबांचेच पदक. अमन तयार झाला तो आपल्या दिल्लीतल्या छत्रसाल स्टेडियममध्ये.

सरोजिनी नगरातली जुनी क्वार्टर्स पाडली गेली, आपली बरीच मंडळी द्वारका, नोएडा, गुडगावला पांगली. वर्षातून एकदा या दहा दिवसांत सगळे भेटतात. मंडळाला माझी एक सूचना आहे. मुलांच्या स्पर्धांत संगीत खुर्ची, वेशभूषा असतेच, ती असू द्या. पण एका रविवारी मुलांना राजघाटाजवळच्या त्या हॉलवर घेऊन जाऊ. मेट्रोने दिल्ली गेटला उतरले की फार लांब नाही. जाण्याची व्यवस्था मी करतो. आणि तिथे उभे राहून त्यांना गोळेश्वरच्या धाकट्या जाधवाची गोष्ट सांगू, खर्डेकर सरांच्या घरासह.

गणपती बाप्पा मोरया!